लाल पेनाचं पथ्य

दवाखान्यातून मिळालेल्या डिस्चार्जच्या कागदावर मी लाल पेन चालवलं, हे आधीच सांगून टाकते. मागाहून दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याच तोंडून कळलेलं बरं. कागद माझ्या मोठ्या जावेचा होता, सही डॉक्टरांची होती आणि त्यावर स्पष्ट लिहिलं होतं, 'साधा आहार'. मी त्यावर सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, 'कडक पथ्य'. खाली सवयीने अर्धी सहीसुद्धा ठोकली. वर्षानुवर्षं दहावीच्या विज्ञानाच्या वह्या तपासल्या की माणसाचा हात असा बिघडतो.

आज हे हसत लिहिता येतंय, कारण जाऊबाई आत कुणाशी तरी फोनवर जोरजोरात बोलतायत आणि त्यांचा आवाज पार रस्त्यापर्यंत जातोय. मधल्या काही महिन्यांत हा आवाज पुन्हा ऐकायला मिळेल की नाही, याची खात्री नव्हती.

नाचणगावात आमचं एकत्र घर. दोघे भाऊ, म्हणजे आमचे नवरे, पुलगावात दुकान सांभाळतात, मी शाळेत जाते आणि घर जाऊबाईंच्या ताब्यात. ताब्यात म्हणजे अक्षरशः. कुठल्या डब्यात काय आहे, आज कोणती भाजी, पाहुण्याला चहा की सरबत, सगळं त्या ठरवणार. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा वाटलं होतं, वर्ष-दोन वर्षांत माझंही काही चालेल. वीस वर्षं झाली. फोडणीत हिंग आधी की मोहरी आधी, यावरूनसुद्धा आमची जुंपलेली आहे आणि दर वेळी हरले आहे मी. शाळेत चाळीस पोरं माझ्या नजरेने गप्प बसतात आणि घरी साधं लोणचं घ्यायचं तर विचारावं लागतं, याचा मला राग होता. खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी श्रावणापासूनच जाऊबाई पूजेसाठी नाल्याकाठच्या ओल्या गवतातून आघाडा, केना आणि दुर्वा आणायला जात होत्या. दर वर्षी जातात. महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसल्या त्या दिवशी त्यांना कणकण आली. मी म्हटलं, पुलगावच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ. तर म्हणाल्या, "घरात महालक्ष्म्या बसून राह्यल्या अन् मी सुई टोचाले जाऊ? उठू दे त्याइले, मंग पाहू."

मग तीन दिवस त्यांनी ताप आणि महालक्ष्म्या दोन्ही एकदम सांभाळलं. अंग ठणकलं की औषधाच्या दुकानातून मागवलेली दुखण्याची गोळी, एक नाही पुरली तर दोन, त्याही उपाशीपोटी. सोळा भाज्या, पुरण, आंबील, कढी, सगळं सोवळ्यात आणि नैवेद्य होईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. चुलीपुढे घाम नुसता निथळत होता. हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे घडत होतं. मी काही म्हटलं नाही, कारण म्हणून उपयोग झाल्याचं मला आठवत नव्हतं.

विसर्जन झालं आणि जाऊबाई न्हाणीच्या दारात बसल्या त्या उठल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की त्यांना लघवीच झालेली नाही. पुलगावहून वर्ध्याला, तिथून मोठ्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरने त्यांच्या कमरेजवळ एक काळी खपली शोधून काढली, विझवलेल्या बिडीच्या चटक्यासारखी. गवतातला बारीक किडा चावतो आणि त्याचा हा ताप येतो म्हणे. तापावर औषध होतं आणि ते लागूही पडलं. पण ताप, कोरडं पडलेलं अंग आणि त्यावर त्या गोळ्या, या तिघांनी मिळून दोन्ही किडन्या बंद पाडल्या होत्या.

त्यांची डॉक्टर माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाची होती, नागपूरकडची, बोलायला फटकळ. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "किडन्या सध्या काम करत नाहीयेत. मशीनवर रक्त साफ करावं लागेल. बहुतेकांच्या पुन्हा सुरू होतात, काहींच्या होत नाहीत. तुमच्या ताई कोणत्या बाजूला जातील, ते आज मी सांगू शकत नाही."

सुरू झाल्या नाहीत तर काय, हे विचारायची गरज नव्हती. ते शेजारच्या खाटांवर दिसत होतं. आठवड्यातून दोनदा-तीनदा गावाहून येणारी, मशीनला चार-चार तास जोडून घेणारी आणि पुन्हा एसटी पकडणारी माणसं. जाऊबाईंनीही त्यांना पाहिलं होतं. मानेत नळी घातलेल्या अवस्थेत त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "असं जन्मभर करा लागन तर मले घरी ने. मले नाई जमत हे."

मी रागावले. "काहीही बोलू नका ताई," म्हणून जोरात ओरडले, तर नर्सने मलाच बाहेर काढलं. बाहेर बाकड्यावर बसून मी खूप घाबरले होते, हे तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतरचे दिवस मी एका मापाच्या भांड्याकडे बघत काढले. लघवी मोजायची आणि तक्त्यात लिहायची. आधी नुसता तळ ओला. मग एका दुपारी भांड्यात शंभरच्या खुणेला टेकेल इतकी. मी ते भांडं दोन्ही हातांत धरून नर्सच्या टेबलापर्यंत अशी गेले की वाटेतले लोक बाजूला झाले. पेढे वाटावेत इतका आनंद झाला होता. पुढे रोज आकडा चढत गेला, मशीन थांबलं, मानेतली नळी निघाली. तिसऱ्या आठवड्यात घरी सोडलं. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडन्यांनी बाहेर टाकायचा कचरा, अजून पुष्कळ जास्त होतं. किडन्या जाग्या झाल्यात, पण पूर्ण बऱ्या होतील की अर्ध्यावर थांबतील ते पुढच्या दोन-तीन महिन्यांत कळेल, असं डॉक्टरने सांगितलं आणि तो कागद हातात दिला.

'साधा आहार. वरण, दूध, अंडी चालतील. तहान लागेल तसं पाणी.' मला वाटलं, शिकाऊ डॉक्टरने घाईत लिहिलंय. मशीन चालू होतं तेव्हा तर किती बंधनं होती! पाणी मोजून, फळं बंद, भाज्या उकडून. आता एकदम साधा आहार कसा? वर्गात मी वर्षानुवर्षं फळ्यावर किडनी काढत आलेय आणि खाली लिहीत आलेय, 'शरीराची गाळणी'. फाटलेली गाळणी जोडत असताना तिच्यावर माल कमी टाकायचा, हे कुणालाही कळेल. म्हणून मी लाल पेन काढलं.

आणि आता मनातलंही सांगते. स्वयंपाकघर पहिल्यांदाच माझ्या हातात आलं होतं. जाऊबाई ओसरीवर खाटेवर आणि डबे माझ्या ताब्यात. मी ओट्याशेजारच्या भिंतीवर यादी चिकटवली: वरण नाही, दही नाही, शेंगदाणे नाहीत, केळं नाही, संत्रं नाही. सकाळी शाळेच्या आधी उठून त्यांच्यासाठी वेगळी भाजी बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकडायची, पाणी फेकायचं, पुन्हा उकडायची. मीठ नावाला. त्यासोबत एक पोळी आणि मूठभर भात. घरातल्या बाकीच्यांचं त्यानंतर. एका वहीत रकाने आखून सगळं लिहायचं. थकून जायचे, पण मला ते आवडत होतं, हे कबूल केलं पाहिजे.

नवल म्हणजे जाऊबाई एका शब्दाने बोलल्या नाहीत. ताट पुढे ठेवलं की हात धुऊन बसायच्या. तो उकडलेला पाला शेवटच्या घासापर्यंत खायच्या. मी समोर बसून बघायचे. "बरं लागते का?" विचारलं की म्हणायच्या, "हो नं. चांगलं आहे." ज्या बाईने माझ्या हातच्या चहालाही कधी बरं म्हटलं नव्हतं, तिने! मला वाटलं, आजाराने त्यांचा मोडता घालायचा स्वभाव गेला. थोडं वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं.

तीन आठवड्यांनी तपासणीला गेलो. डॉक्टरने रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि तिचा चेहरा उजळला. "क्रिएटिनिन छान उतरलंय. माझ्या अंदाजापेक्षा बरं आहे. काय खायला देता हो यांना?"

एवढंच कुणीतरी विचारावं म्हणून मी वाट बघत होते. पिशवीतून वही काढली आणि रकान्यांसकट तिच्यापुढे ठेवली. सोबत डिस्चार्जचा कागदही होता. ती एक पान वाचायची आणि माझ्याकडे बघायची, दुसरं पान वाचायची आणि जाऊबाईंकडे बघायची. मग तिने कागद उचलला.

"हे लाल कुणी केलं?"

"मी," मी म्हटलं. "मी विज्ञानाची शिक्षिका आहे."

"माझं अक्षर तपासलंत तुम्ही?" ती म्हणाली. म्हणजे शिकाऊ डॉक्टर वगैरे कुणी नव्हतंच, कागद तिनेच लिहिला होता. ती पुढे म्हणाली, "मॅडम, वहीत लिहिलंय तेवढंच या खात असतील तर हा रिपोर्ट यांचा नाही. इतकं कमी खाऊन माणूस असा सुधारत नाही. वजनही फारसं उतरलेलं नाही. काहीतरी गडबड आहे."

मग जाऊबाईंनी पदर सारखा केला.

"डॉक्टर बाई, इच्यावर नका चिडू. हे शाळेत गेली का मी दुपारी कुकर लावत होती. वरण-भात."

"अजून?"

"दही. कधी पोळीसंग शेंगदाण्याची चटणी."

"अजून?"

"संत्रं."

"किती?"

"एकच. दिवसाले."

डॉक्टरने कपाळाला हात लावला. माझी अवस्था काय सांगू! पोरांच्या टोळीतला एकही पोरगा मला आजवर असा फसवू शकला नव्हता. रोज संध्याकाळी मी घासलेला, पालथा घातलेला कुकर बघत होते आणि त्याचा अर्थ मला लागला नव्हता.

आधी तिने जाऊबाईंना झापलं. "खाल्लं ते बरोबर होतं, लपवलं ते चूक. असं लपवून संत्रं मशीनच्या दिवसांत खाल्लं असतं तर त्यातलं पोटॅशियम रक्तात साचून हृदय बंद पडलं असतं आणि कशाने झालं हे आम्हाला कळलंही नसतं. नशीब, तोवर किडन्या चालू झाल्या होत्या." मग खुर्ची माझ्याकडे वळवली. "मॅडम, तुम्ही मुलांना किडनी काय म्हणून शिकवता?"

"गाळणी," मी म्हटलं.

"मग अर्धीच शिकवता." तिने माझ्या वहीचं मागचं पान उघडलं आणि बारीक रक्तवाहिन्यांची एक गाठ काढली, गाठीपासून निघालेली लांब वळणावळणाची नळी काढली. "गाळायचं काम या टोकाला होतं. त्यात फारशी ताकद जात नाही. खरे कष्ट या नळीचे. गाळून आलेल्यातलं कामाचं पाणी, मीठ, साखर ही नळी चोवीस तास परत आत ओढते. म्हणून हिच्या पेशींत तंतुकणिका, म्हणजे ताकद पुरवणाऱ्या भट्ट्या, ठासून भरलेल्या असतात."

तंतुकणिका हा पुस्तकातला शब्द तिने खास माझ्यासाठी काढला, हे मला कळलं.

"ताईंच्या वेळी काय झालं? ताप, पाणी नाही, त्यात त्या गोळ्या. नळीला रक्त पुरेसं मिळालं नाही. तंतुकणिका थंड पडल्या. कष्ट करणाऱ्या पेशीच आधी मेल्या, सुटून नळीत अडकल्या आणि मागे भिंत उघडी पडली." तिने नळीची एक बाजू पेनाने खोडली. "आता ही जागा भरायची कुणी? शेजारी ज्या जगल्या त्यांनी. त्या आपलं रोजचं काम बाजूला ठेवतात, चपट्या होतात, अंग ताणतात आणि सरकत सरकत या उघड्या जागेवर येतात. जागा झाकतात, वाढतात, आणि मग सावकाश पहिल्यासारख्या होतात. तुमच्या ताईंची लघवी त्या दिवशी भांड्यात दिसली ना, ती या सरकण्यामुळे."

मी त्या खोडलेल्या जागेकडे बघत राहिले. आमच्या खाटेवर निपचित पडलेल्या माणसाच्या आत एवढी हालचाल चाललेली होती आणि मी बाहेर भांडं धरून बसले होते.

"आणि सरकायला ताकद लागते," ती म्हणाली. "एरवी या पेशी चरबी जाळून काम भागवतात. मंद आच, पण टिकाऊ. इजा झाली की ती आच विझते, मग काही दिवस साखरेवर भागवतात. मोठी चूल विझल्यावर स्टोव्हवर उरकतो तसं. तेवढ्यावर जागा झाकून होते. पण मूळची आच पुन्हा धरली नाही तर पेशी अर्धवटच राहतात, आणि अर्धवट पेशींच्या भोवती व्रण धरतो. जिथे व्रण धरला ती जागा परत मिळत नाही. आता ताईंच्या किडन्या नेमक्या या टप्प्यावर आहेत. आणि तुम्ही काय केलंत? दुरुस्ती चालू असताना माणसाला उपाशी ठेवलंत."

"मला वाटलं, आराम मिळेल," मी म्हटलं.

ती जरा निवळली. "खाल्लेला घास थेट त्या पेशीच्या तोंडात जातो असं नाही. नाही तर गावात जाऊन सांगाल की वरणाने किडनी बरी होते. औषध वेळेवर मिळालं, मशीन वेळेवर लागलं, नशीबही होतं. पण सगळं शरीरच उपाशी असेल तर दुरुस्तीला सामान कुठून येणार? साधा आहार म्हणजे साधा आहार. काही बदलायचं असेल तर मला फोन करा." आणि माझं लाल अक्षर खोडून तिने निळ्याने पुन्हा लिहिलं, 'साधा आहार'. खाली पूर्ण सही केली.

घरी येऊन मी भिंतीवरची यादी फाडली आणि जाऊबाईंशी बोलणं बंद केलं. आठवडाभर. मी उपाशी ठेवलं याची लाज होती, मान्य. पण माझ्या मेहनतीवर रोज दुपारी पाणी पडत होतं, याचा राग जास्त होता. समोर 'चांगलं आहे' म्हणायचं आणि पाठीमागे कुकर लावायचा! बाई मनातून किती हसली असेल, असं मला सारखं वाटायचं. त्यांनी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. मी वह्या तपासत बसले. दरम्यान त्या उघडपणे वरण-भात खात होत्या, ओसरीवरून उठून अंगणापर्यंत, मग वेशीपर्यंत जात होत्या. शाळेत मी फळ्यावर पहिल्यांदा ती लांब नळी काढली आणि 'गाळणी' हा शब्द कंसात टाकला. पोरांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

बोलणं पुन्हा सुरू झालं ते कशावरून, आता आठवत नाही. आमच्या घरात अबोला फार टिकत नाही, कामं अडतात. पण मनातला तो काटा तसाच राहिला.

दोन महिन्यांनी शेवटची मोठी तपासणी होती. त्या दिवशी सगळं ठरणार होतं. जाऊबाई बाकावर माझ्या शेजारी बसल्या होत्या आणि दोन्ही हातांनी पिशवीचे बंद घट्ट धरून होत्या. मी त्यांच्याकडे बघत नव्हते, त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. आत बोलावलं. डॉक्टरने रिपोर्ट उलटसुलट पाहिला, सोनोग्राफी पाहिली आणि म्हणाली, "ताई, आकडे जागेवर आलेत. मशीनची गोष्ट संपली. दुखण्याच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, ताप आला तर त्याच दिवशी दाखवायचं, मग घरी कुणीही बसलेलं असो. आता वर्षाने या."

जाऊबाईंनी तिला विचारलं, "म्हणजे मी बरी झाली?"

"झालात."

त्यांनी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा सांगितलं. तीन-चार महिने छातीवर काय घेऊन फिरत होते ते उतरल्यावर कळलं. दोघींनी दवाखान्यासमोर चहा घेतला, दोन दोन कप, आणि पुलगावची बस पकडली.

देवळी गाव मागे पडलं तेव्हा मी विचारलंच. आता विचारायला हरकत नव्हती.

"ताई, तुमी मले सांगितलं काऊन नाई? पयल्याच दिवशी म्हणायचं होतं, मी हे खात नाई. तुमी काही कोणाले भेता का?"

त्यांनी समोरच्या सीटचा दांडा धरला.

"कशी म्हणू?" त्या म्हणाल्या. "लगन होऊन आली तवापासून या घरात सगळ्याइले मीच वाढून राह्यली. माह्यं ताट कोणं वाढलं नोतं. सगळे जेवले का उरलंसुरलं घेऊन चुलीपाशी बसाचं, तेच माह्यं जेवण. अन् तू शाळेच्या आधी उठून माह्यासाठी अलग रांधे. पुढे आणून ठेवे. खाल्लं का नाई, पाहत बसे. भाजीत काही नोतं वं माय, नुसता पालाच होता. पण माह्यासाठी कोणी वाढून राह्यलं होतं नं. तुले नको म्हणाचं माह्या तोंडातून निघेच ना. म्हणून ते खावो, अन् दुपारी पोटाचं पाहो."

मी खिडकीकडे तोंड केलं आणि पुलगाव येईपर्यंत रडले. लाज वाटत होती, वीस वर्षांची लाज वाटत होती, आणि ही बाई शेजारी धडधाकट बसली आहे म्हणून बरंही वाटत होतं. जाऊबाईंना समजूत घालता येत नाही.

त्या संध्याकाळी घरी पोचल्यावर मी चौघांची ताटं मांडली आणि त्यांचं सगळ्यांत आधी वाढलं.